ग्रंथतालिकेतील मराठी आणि यंत्राचा स्वीकार : धाराशिव जिल्ह्याच्या निमित्ताने

१

एखाद्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले असे जेव्हा म्हटले जाते, तेव्हा नेमके काय झाले असे समजावे, ह्या प्रश्नाची चर्चा क्वचितच होते. संगणक आले, आज्ञावली बसवली गेली, ग्रंथांवर बारकोड चिकटले आणि देवघेव यंत्रावर होऊ लागली, म्हणजे संगणकीकरण पूर्ण झाले, असा समज रूढ आहे. ह्या समजाला अधिकृत बळही मिळाले. २०१७ साली सुधारलेल्या मूल्यांकनपद्धतीत नॅकने संलग्न महाविद्यालयांना ग्रंथालयाच्या स्वयंचलनासंबंधी जी माहिती विचारली तीत आज्ञावलीचे नाव, तिची आवृत्ती, संगणकीकरण पूर्ण आहे की अंशतः, आणि ते कोणत्या वर्षी झाले, ह्या गोष्टी होत्या. ह्या चारही प्रश्नांची उत्तरे खरेदीचे देयक समोर ठेवून देता येतात. कपाटात असलेला मराठी ग्रंथ मराठी वाचकाला मराठीत शोधला असता सापडतो काय, हा प्रश्न मात्र त्यांत नव्हता. वस्तुतः संगणकीकरणाचे यशापयश ठरवणारा प्रश्न तोच होय.

ज्या ग्रंथालयापाशी तांत्रिक साहाय्य तुटपुंजे असते, त्याची टिकाऊ मालमत्ता यंत्र ही नव्हे, तर ग्रंथाची नोंद ही होय. यंत्र आठ-दहा वर्षांत जुने होते, आज्ञावली बदलते, ती बसवून देणारा माणूस निघून जातो. नोंद शुद्ध व सुवाच्य असेल तर ती एका यंत्रातून दुसऱ्यात जाऊ शकते. ती सदोष असेल तर उत्तमातील उत्तम यंत्रही तिचा दोष अधिक वेगाने पसरवण्यापलीकडे काही करू शकत नाही. धाराशिव जिल्ह्यातील परिस्थिती ह्या दृष्टीने तपासून पाहण्यासारखी आहे.

२

धाराशिव, तुळजापूर, उमरगा, लोहारा, कळंब, भूम, वाशी आणि परांडा ह्या आठ तालुक्यांच्या ह्या जिल्ह्यात उच्च शिक्षणाचा भार मुख्यत्वे खाजगी संस्थांनी चालवलेल्या महाविद्यालयांवर आहे. ती डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाशी संलग्न असून विद्यापीठाचे एक उपकेंद्र धाराशिव शहरात आहे. अशा महाविद्यालयाच्या ग्रंथालयात सामान्यतः एक ग्रंथपाल व मोजके साहाय्यक असतात; संगणकतज्ज्ञाचे स्वतंत्र पद बहुधा नसते. यंत्र बिघडले तर लातूर, सोलापूर किंवा पुणे येथून कोणी येण्याची वाट पाहावी लागते.

साधनांचा अभाव आहे असे मात्र म्हणता येत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या पुढाकाराने १९९१ साली सुरू झालेल्या इन्फ्लिबनेट ह्या केंद्राने 'सोल' ही आज्ञावली देशातील ग्रंथालयांना उपलब्ध करून दिली. त्याच केंद्रामार्फत २०१० पासून 'एन-लिस्ट' योजनेखाली महाविद्यालयांना अल्प शुल्कात हजारो नियतकालिके व ग्रंथ पडद्यावर वाचता येऊ लागले. परवान्याचे शुल्क नसलेली 'कोहा' ही आज्ञावलीही आता सर्वत्र परिचित आहे. साधने दाराशी आली. ती राबवणारे हात मात्र त्या प्रमाणात आले नाहीत.

ह्या भागातील शेतकऱ्याला विहिरीचे गणित सांगावे लागत नाही. विहीर खणण्याचा खर्च एकदाच होतो, पण गाळ काढण्याचे काम वर्षानुवर्षे करावे लागते. ते टाळले तर झरे बुजतात आणि पहिला खर्चही वाया जातो. ग्रंथालयाला यंत्र मिळते ते अनुदानातून, म्हणजे खणण्याच्या खर्चातून. गाळ काढण्याची तरतूद अंदाजपत्रकात क्वचितच असते. तेव्हा ज्या गाळामुळे मराठी ग्रंथाचा झरा बुजतो तो कोणत्या प्रकारचा आहे, हे प्रथम पाहिले पाहिजे.

३

पहिला दोष लिपीचा. संगणकीकरणाच्या आरंभीच्या काळात अनेक ठिकाणी मराठी ग्रंथांच्या नोंदी रोमन लिपीत करण्याचा प्रघात पडला. कळफलक इंग्रजी होता आणि काम लवकर उरकायचे होते. उच्चारचिन्हांसह काटेकोर लिप्यंतर करण्याची शास्त्रीय पद्धत उपलब्ध आहे. पण घाईच्या कामात ती कोणी पाळत नाही. परिणामी मराठीतील अर्थभेदक वर्णभेद नाहीसे होतात. 'वात' आणि 'वाट', 'काल' आणि 'काळ', 'मन', 'मण' आणि 'मान' हे शब्द साध्या रोमन लेखनात एकच रूप घेतात. उलट एकच शब्द चार जणांच्या हातून चार प्रकारे लिहिला जातो. उमरगा ह्या गावाचे नाव रोमन लिपीत किमान तीन प्रकारे आढळते. भिन्न शब्द एक होतात आणि एक शब्द अनेक होतो. तालिकेचे प्रयोजन ह्याच्या नेमके उलट आहे.

दुसरा दोष टंकांचा. युनिकोड प्रचारात येण्यापूर्वी मराठी मजकूर निरनिराळ्या व्यापारी टंकांत लिहिला जाई. त्यांत अक्षराचे संकेतांक टंकानुसार बदलत. अशा टंकात केलेली नोंद दुसऱ्या यंत्रावर उघडली की तेथे रोमन अक्षरांची अर्थहीन गर्दी दिसते. देवनागरीचा समावेश युनिकोडच्या १९९१ च्या पहिल्या आवृत्तीतच झाला होता. तरीही छपाईच्या सवयीमुळे जुने टंक पुढे पुष्कळ वर्षे वापरात राहिले. जुन्या नोंदींचे रूपांतर करणारी साधने आहेत, पण रूपांतरित नोंद ग्रंथाशी ताडून पाहण्यास मराठी जाणणारा माणूसच लागतो.

युनिकोड स्वीकारल्याने सर्व प्रश्न संपतात असेही नाही. महात्मा फुले ह्यांच्या 'शेतकऱ्याचा असूड' ह्या १८८३ च्या ग्रंथाचे उदाहरण घ्यावे. त्याच्या नावातील 'ऱ्या' हे जोडाक्षर दोन प्रकारे टंकित होऊ शकते. एका प्रकारात नुक्ता असलेला 'ऱ' वापरतात. दुसऱ्यात साध्या 'र' ला हलन्त करून त्यापुढे एक अदृश्य जोडचिन्ह घालतात. पडद्यावर दोन्ही रूपे एकसारखी दिसतात, पण यंत्राच्या लेखी ते दोन वेगळे शब्द असतात. घाईने 'र्या' असे लिहिले गेले तर तिसरे रूप तयार होते, आणि 'असूड' च्या जागी 'आसूड' लिहिणारेही पुष्कळ असल्याने रूपांची संख्या आणखी वाढते. 'ॲ' ह्या अक्षराचेही तसेच आहे. ते युनिकोडमध्ये स्वतंत्र अक्षर म्हणून २००८ मध्ये आले; त्यापूर्वी 'अ' वर चंद्र देऊन ते लिहिले जात असे व आजही लिहिले जाते. वाचकाने एका रूपाने शोधावे आणि ग्रंथ दुसऱ्या रूपाखाली नोंदलेला असावा, म्हणजे ग्रंथ असून नसल्यासारखा होतो. अशा वेळी पडद्यावर 'नोंद सापडली नाही' असे शब्द उमटतात. विद्यार्थी त्यांचा अर्थ 'ग्रंथ नाही' असा करतो आणि निघून जातो.

४

लिपीनंतर लेखनपद्धती आणि वर्णक्रम ह्यांचा विचार येतो. मराठी साहित्य महामंडळाने सुचवलेले शुद्धलेखनाचे नवे नियम १९६२ साली स्वीकारले गेले आणि व्युत्पत्तिमूलक अनुच्चारित अनुस्वार लेखनातून गेले. तत्पूर्वीच्या ग्रंथांच्या मुखपृष्ठांवर ते अनुस्वार आहेत. तालिकाकाराने ग्रंथनाम मुखपृष्ठाबरहुकूम उतरून घ्यावे हा शास्त्राचा नियम योग्यच आहे. पण आजच्या विद्यार्थ्याला तो अनुस्वार ठाऊक नसतो आणि तो त्याशिवाय शोधतो. ह्यावर उपाय मार्क-२१ ह्या नोंदपद्धतीतच आहे. मूळ नाव २४५ क्रमांकाच्या रकान्यात आणि त्याचे पर्यायी रूप २४६ क्रमांकाच्या रकान्यात दिले, की दोन्ही मार्गांनी ग्रंथ सापडतो. हा रकाना भरण्यास नवे यंत्र लागत नाही. जुने व नवे लेखन दोन्ही जाणणारी व्यक्ती लागते.

वर्णक्रमाविषयीही तसेच. मराठी कोशांच्या परंपरेत 'ह' नंतर 'ळ', 'क्ष' आणि 'ज्ञ' येतात. कार्डपेटीत 'ज्ञानेश्वरी' शेवटच्या खणात असे, आणि ते शाळेत वर्णमाला शिकलेल्या प्रत्येकास ठाऊक असे. संकेतांकांच्या क्रमाने नावे लावणारे यंत्र मात्र 'ज्ञ' ला 'ज' चे जोडाक्षर मानून 'ज्ञानेश्वरी' 'ज' च्या अखेरीस, 'झ' च्या आधी ठेवते. 'क्ष' 'क' खाली जातो आणि 'ळ' 'ल' च्या पाठोपाठ येतो. मराठीचा क्रमनियम यंत्राला सांगता येतो, पण तो मुद्दाम निवडावा लागतो. कोहाच्या बाबतीतही देवनागरी शब्दांची निर्देशिका नीट तयार व्हावी म्हणून मूळ मांडणीत बदल करावा लागतो. बसवणाऱ्या माणसाला मराठीची ही गरज कोणी सांगितली नाही, तर तो यंत्र मूळ मांडणीत ठेवून निघून जातो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला काय हवे हे सांगणारे कोणी नव्हते.

५

ह्याहूनही नाजूक प्रश्न नामांचा आहे, आणि त्यासाठी जिल्ह्याबाहेर जाण्याचे कारण नाही. संत गोरा कुंभार तेरचे. त्यांचा उल्लेख ग्रंथांत गोरा कुंभार, गोरोबा, गोरोबाकाका अशा अनेक रूपांनी येतो. आडनाव आधी लिहावे हा आधुनिक लेखकांसाठी केलेला नियम यांत्रिकपणे लावला, की तालिकेत 'कुंभार, गोरा' अशी नोंद होते. त्याच न्यायाने 'माळी, सावता' आणि 'महाराज, तुकाराम' अशाही होतात. व्यवसायाचे नाव आणि आदराची उपाधी ही आडनावे ठरतात. तेर हे गावही एकाच नावाने भेटत नाही. 'पेरिप्लस' ह्या इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ग्रीक ग्रंथात उल्लेखिलेले तगर ते हेच, असे जे. एफ. फ्लीट ह्यांनी १९०१ मध्ये प्रतिपादले. तेव्हा 'तेर' शोधणाऱ्यास 'तगर' विषयीचे लेखनही मिळावयास हवे.

जिल्ह्याचे नाव तर ह्या विषयाची परीक्षाच पाहणारे आहे. निजामी राजवटीत धाराशिवचे उस्मानाबाद झाले आणि २०२३ मध्ये शासनाने पुन्हा धाराशिव हे नाव दिले. मधल्या काळातील शासकीय अहवाल, जनगणनेची प्रकाशने, प्रबंध आणि स्मरणिका उस्मानाबाद ह्या नावाने आहेत. २०२० च्या जानेवारीत येथे भरलेल्या ९३ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाशी संबंधित साहित्यही त्याच नावाने आहे. शिवाय लातूर जिल्हा १९८२ मध्ये ह्याच जिल्ह्यातून वेगळा झाला. म्हणून १९७२ च्या उस्मानाबाद जिल्हा गॅझेटिअरमध्ये लातूर, उदगीर, निलंगा ह्या भागांची माहिती आहे. उदगीरच्या इतिहासावर काम करणाऱ्या विद्यार्थ्याला हे कोणी सांगितले नाही, तर तो त्या ग्रंथापर्यंत पोहोचणार नाही.

येथे यंत्राचे खरे सामर्थ्यही दिसते आणि खरा धोकाही. कार्डांच्या तालिकेत विषयशीर्षक बदलायचे तर प्रत्येक कार्ड काढून पुन्हा लिहावे लागे. संगणकात स्थळनामांची अधिकृत यादी स्वतंत्र ठेवली असेल, तर 'धाराशिव' हे मान्य रूप आणि 'उस्मानाबाद' हे त्याकडे नेणारे रूप अशी एकच दुरुस्ती पुरते. तिच्याशी जोडलेल्या साऱ्या नोंदी सुधारतात. पण अशी यादी ठेवलेली नसेल, आणि उत्साहाच्या भरात सर्व नोंदींत जुन्या शब्दाच्या जागी नवा शब्द घालण्याची आज्ञा दिली, तर विषयशीर्षकांबरोबर ग्रंथांची नावेही बदलतील. १९७२ चे गॅझेटिअर तालिकेत 'धाराशिव जिल्हा' ह्या नावाने दिसेल, आणि त्या नावाचा ग्रंथ तर त्या वर्षी कोणी छापलेलाच नव्हता. स्थळाचे नाव बदलण्याचा अधिकार शासनाला आहे. जुन्या ग्रंथाच्या मुखपृष्ठावरील नाव बदलण्याचा अधिकार तालिकाकाराला नाही. विद्यापीठाच्या बाबतीतही हेच लागू पडते. १९५८ मध्ये स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाचा नामविस्तार १९९४ मध्ये झाला. त्यापूर्वीच्या प्रबंधावर जे नाव आहे तेच ग्रंथनोंदीत राहिले पाहिजे, आणि दोन नावांचा संबंध अधिकृत यादीत दाखवला पाहिजे.

६

मग आज्ञावली कोणती निवडावी, हा प्रश्न गौण ठरतो. पण तो अजिबात सोडून देता येत नाही. सोलच्या मागे एका राष्ट्रीय केंद्राचे साहाय्य आहे आणि परिचित विंडोज यंत्रावर ती चालते, हा लहान ग्रंथालयाला मोठा आधार आहे. कोहाला परवाना-शुल्क नाही, परंतु ती लिनक्स प्रणालीवर चालते आणि तिची देखभाल करण्यास त्या प्रणालीची ओळख असलेला माणूस हवा. कोहाचा जन्म मात्र लक्षात घेण्यासारखा आहे. न्यूझीलंडमधील होरोव्हेनुआ ह्या ग्रामीण भागातील ग्रंथालयांसाठी ती १९९९ मध्ये तयार झाली आणि २००० च्या आरंभी वापरात आली. जुनी आज्ञावली २००० सालाचा आकडा पेलणार नाही ही अडचण होती आणि साधने मर्यादित होती. 'कोहा' हा माओरी भाषेतील शब्द असून त्याचा अर्थ भेट असा आहे. मात्र त्या समाजात ही भेट परतफेडीचे कर्तव्य घेऊन येते. फुकट मिळालेल्या आज्ञावलीविषयी ह्याहून समर्पक शब्द सापडणे कठीण. पैसे द्यावे लागत नाहीत. श्रम द्यावे लागतात.

ह्या श्रमांची व्यवस्था कशी लागते ह्याचे उदाहरण मराठी राज्यकर्त्याच्या कारभारातच आहे. बडोद्याचे सयाजीराव गायकवाड ह्यांनी १९१० मध्ये विल्यम बॉर्डन ह्या अमेरिकन ग्रंथपालास संस्थानात बोलावले. त्या काळचे नवे तंत्र, म्हणजे वर्गीकरण, कार्डतालिका आणि फिरती ग्रंथालये, बॉर्डन ह्यांनी आणले. ते सुमारे तीन वर्षांत परत गेले. तंत्र मात्र राहिले, कारण १९११ मध्येच प्रशिक्षणाचे वर्ग सुरू झाले होते आणि जनार्दन कुडाळकरांसारखे येथील लोक ते काम पुढे चालवण्यास सिद्ध झाले होते. तज्ज्ञ जाणार हे गृहीत धरून केलेली व्यवस्था टिकते. तज्ज्ञ सदैव येत राहील ह्या भरवशावर केलेली व्यवस्था पहिल्या थकलेल्या देयकाबरोबर संपते. म्हणून कोणतीही आज्ञावली घेताना करारात एक अट असली पाहिजे : ग्रंथालयाच्या सर्व नोंदी प्रमाणित स्वरूपात, ग्रंथपालाला स्वतः, केव्हाही बाहेर काढून घेता आल्या पाहिजेत. दरमहा अशी एक प्रत यंत्राबाहेर ठेवणे आणि वर्षातून एकदा ती दुसऱ्या यंत्रावर उघडून पाहणे, हेच विहिरीचा गाळ काढणे होय.

७

येथे एक आक्षेप संभवतो. इतक्या लहान ग्रंथालयांकडून इतक्या सूक्ष्मतेची अपेक्षा करणे अव्यवहार्य नव्हे काय? मनुष्यबळ नाही, वीज जाते, आणि आता तर अभ्याससामग्री पडद्यावरच मिळते; मग जुन्या मराठी ग्रंथांच्या अनुस्वारांची चिंता कशाला? आक्षेपाचा पूर्वार्ध खरा आहे. कार्डपेटीचा काळ सुवर्णकाळ होता असेही नाही. तिच्यात चुका होत्या आणि ती एकाच खोलीत होती. परंतु आक्षेपाचा उत्तरार्ध मान्य करता येत नाही. पडद्यावर मिळणारी सामग्री मुख्यत्वे इंग्रजी आहे, आणि ती धाराशिवला मिळते तशीच दिल्लीलाही मिळते. तेरच्या गोरोबांवरील पुस्तिका, तालुक्याच्या गावी निघालेली स्मरणिका, एखाद्या स्थानिक लेखकाचा एकच आवृत्ती निघालेला संग्रह, हे मात्र येथल्याच कपाटांत आहे. प्रत्येक ग्रंथाला त्याचा वाचक मिळाला पाहिजे, हे रंगनाथन ह्यांचे १९३१ चे सूत्र अशाच ग्रंथांसाठी आहे. त्यांना दुसरीकडे वाचक मिळण्याची शक्यता नाही.

कामाचा व्याप कमी करण्याचा मार्गही त्यातूनच निघतो. सर्व ग्रंथांच्या नोंदी एकदम सुधारण्याची गरज नाही. जिल्ह्याविषयीचे साहित्य, स्थानिक लेखकांचे ग्रंथ आणि १९६२ पूर्वीची मराठी प्रकाशने, एवढे प्रथम घ्यावे. १९५० पर्यंतच्या ग्रंथांसाठी शंकर गणेश दाते ह्यांच्या 'मराठी ग्रंथसूची'चा आधार आहे. तिचा १८०० ते १९३७ ह्या काळाचा भाग १९४३ मध्ये आणि १९३८ ते १९५० चा भाग १९६१ मध्ये प्रसिद्ध झाला. ते काम संगणकाशिवाय झाले आणि आजही वापरले जाते, कारण त्यातील नोंद शिस्तीने केलेली आहे.

ग्रंथालयाचे मूल्यमापन करू इच्छिणाऱ्यानेही एक साधी कसोटी लावून पाहावी. कपाटातून दहा ग्रंथ काढावेत. एकाच्या नावात 'ऱ्य' असावा, एकाच्या 'ॲ'; एक 'ज्ञ' ने सुरू व्हावा, एक १९६२ पूर्वीचा असावा, एक एखाद्या संताचा, एक उस्मानाबाद हे नाव असलेला, आणि उरलेले हाताला येतील ते. मग ग्रंथालयाशी संबंध नसलेल्या विद्यार्थ्याला ते तालिकेत शोधावयास सांगावे. जेवढे सापडतील तेवढेच त्या ग्रंथालयाचे संगणकीकरण झाले.

ह्या कसोटीत उणे पडलेल्या ग्रंथालयाला जे साहाय्य हवे असते ते बहुतांशी तांत्रिक नसते. 'ऱ्य' कसा लिहावा, जुन्या लेखनाचे आजचे रूप कोणते, संताचे नाव कोणत्या शब्दाखाली घ्यावे आणि गावाच्या दोन नावांचा संबंध कसा दाखवावा, ह्या प्रश्नांची उत्तरे संगणक दुरुस्त करणाऱ्याकडे नाहीत. ती मराठीच्या आणि इतिहासाच्या प्राध्यापकांकडे आहेत, आणि ते प्रत्येक महाविद्यालयात, ग्रंथालयापासून चार खोल्या अंतरावर बसतात. पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रात्यक्षिक म्हणून शंभर-शंभर नोंदी तपासावयास दिल्या, तर त्यांना ग्रंथसूचीशास्त्राचे शिक्षण मिळेल आणि ग्रंथालयाला शुद्ध नोंदी. तंत्रज्ञ नाही म्हणून काम अडले, असे आजवर मानले गेले. पुष्कळ ठिकाणी ते भाषेच्या जाणकाराने हात न लावल्यामुळे अडले आहे.